मांडीवरचा पट्टा

दिवाळीच्या आठ दिवस आधी न्हाणीघरात घसरले आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, तारेनं हाड बांधलं, दीड महिना पाय सरळ पट्टीत ठेवला. पट्टी निघाली तेव्हा मांडी मला ओळखू येईना. डावी होती तशीच होती. उजवी वाळलेल्या पडवळासारखी झाली होती. हाड जुळलं होतं, पण त्या पायावर उठवत नव्हतं. खुर्चीतून उठायचं तरी कलाबाईनं काखेत हात घालायचे आणि संडासातून उठायचं तरी तिनेच.

कलाबाई वीस वर्षं माझ्याकडे कामाला आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते तेव्हापासूनची. "उठा मास्तरीनबाई," म्हणायची, "पोरायले बेंचावर उभं करत होत्या ना? आता तुमची पाळी." मलाही हसू यायचं. पण एके दिवशी मला उचलताना तिची कंबर भरली. चार दिवस ती वाकून चालत होती, आणि त्यानंतर कुणी हसलं नाही.

मुलगा शंतनु आणि सून रेवती पुण्याला असतात. फोनवर शंतनुनं सरळ सांगितलं, "आई, मार्चपर्यंत तुला एकटीला उठता आलं नाही, तर बुलढाण्याचं घर बंद करायचं. रेवतीनं खोली तयार ठेवली आहे." तो चुकीचं बोलत नव्हता. पण इथे मी दार उघडलं की रस्त्यावरून जाणारी माणसं "बाई, कशा आहात?" विचारतात, आणि त्यातल्या निम्म्यांना मी बाराखडी शिकवलेली असते. तिथे सातव्या मजल्यावर मला कोण विचारणार? मार्चला अडीच महिने उरले होते.

डॉक्टरांनी मला आरोहीकडे पाठवलं. देऊळगाव राजाची मुलगी, व्यायामोपचार शिकून इथे दवाखाना टाकलेला. तिनं दोन्ही मांड्या टेपनं मोजल्या.

"आजी, स्नायू वाढवायचा तर जड वजन उचलावं लागतं. तुमचा गुडघा आत्ता जड वजन सोसणार नाही. म्हणून आपण हा पट्टा वापरू." तिनं रुंद काळा पट्टा दाखवला, रक्तदाब मोजताना दंडाला बांधतात तसा, पण मोठा. "हा मांडीला वर बांधायचा, आत हवा भरायची. पायात जाणारं रक्त थोडं कमी होतं, परत येणारं अडतं. मग हलकंसं वजन उचललं तरी स्नायूला वाटतं, लई मोठं ओझं उचलून राहिलो. तो वाढायला लागतो."

"पाय बांधायचा?" मी विचारलं.

"सात-आठ मिनिटं फक्त. डॉक्टरांनी तुमच्या शिरा तपासूनच पाठवलंय. घाबरण्यासारखं नाही."

तिनं पट्टा बांधला. पायाच्या घोट्याजवळ गार मलम लावून पेनासारखं एक यंत्र टेकवलं, आणि खोलीत माझ्या पायातल्या रक्ताचा आवाज घुमू लागला. हुश्श, हुश्श, हुश्श. कोणी धान्य पाखडावं तसा. "आधी हा आवाज कितीला थांबतो ते बघायचं," ती म्हणाली, "आणि मग त्याच्या निम्माच दाब ठेवायचा." ती हवा भरत गेली. पट्टा आवळत गेला. आवाज बारीक झाला, अजून बारीक झाला आणि थांबला.

त्या शांततेत मी ओरडले. "सोड! सोड म्हणते ना!" दोन्ही हातांनी मी पट्टा ओरबाडला. तो फर्रकन निघाला. आरोही मागे सरली, बाहेर बसलेले रोगी आत डोकावले. मी पायाची बोटं बघत होते, काळी पडली का म्हणून.

आरोही रागावली नाही. पाणी दिलं आणि म्हणाली, "आजी, पूर्वी काही झालं होतं का?"

"काही नाही," मी म्हणाले.

झालं होतं. एकसष्ट वर्षांपूर्वी.

मी बारा वर्षांची होते, माझा भाऊ उद्धव आठचा. अमडापूरच्या शिवारात आमचा भाजीचा मळा होता. सकाळी वांगी तोडताना उद्धव किंचाळला. पिंढरीवर दोन ठिपके रक्त होतं, आणि गवतातून काहीतरी लांब सरसरत गेलेलं मीही पाहिलं. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नसत. पान लागलं म्हणत. आई, रुक्मिणीबाई, "पान लागलं वं माय" म्हणून छाती पिटू लागली. किसनकाका वासराचं दावं घेऊन धावले. त्यांनी गुडघ्याच्या वर ते इतकं आवळलं की कातडीत रुतलं.

आमच्या गावची रीत होती. पान लागलेल्या माणसाला मारुतीच्या पारावर न्यायचं, आणि बांधलेली गाठ फक्त भगतानं सोडायची. दुसऱ्याच्या हातानं सुटली तर विष वर चढतं. बैलगाडीतून आम्ही पारावर गेलो. भगत दुसऱ्या गावाला बारशाला गेला होता. माणूस बोलवायला धाडला आणि सगळे वाट बघत बसले. उद्धवचा पाय माझ्या मांडीवर दिला. काका मला म्हणाले, "प्रेमले, गाठीवर हात ठेव. हलू देऊ नोको."

पहिला तासभर उद्धव "ताई, सोड ना वं" म्हणत होता. त्याची बोटं जांभळी झाली होती. कोणी बघत नाही असं पाहून मी गाठ जरा ढिली केली. बोटं गुलाबी झाली आणि तो रडायचा थांबला. तेवढ्यात काकांनी पाहिलं. "इख चढवतं का भावाले?" ते गरजले. मी घाबरले. मीच दावं पुन्हा आवळलं. पाराच्या दगडाला टाच लावून, सगळा जोर काढून, काकांनी बांधलं होतं त्याहूनही घट्ट. मग तो कितीही रडला तरी मी सोडलं नाही. दुपारनंतर तो रडेनासा झाला.

भगत आला तोवर सात तास झाले होते. दुसऱ्या दिवशी पाय काळा पडला. जिल्ह्याच्या गावी नेलं. तिथे तो मांडीतून कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी किसनकाका मळ्यातून काठीवर मेलेला साप घेऊन आले. वांग्यांच्या त्याच वाफ्यात सापडला होता. धामण होती. धामणीला विष नसतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. बाबांनी, मोतीरामांनी, तो साप हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग ते म्हणाले, "पुरून टाक. नाग होता म्हनायचं." मी दाराआड उभी होते. त्यांनी मला पाहिलं, आणि मी मान हलवली.

त्या मान हलवण्याला एकसष्ट वर्षं झाली. घरातली बाकीची सगळी माणसं गेली. हे ठाऊक असलेली मी एकटी उरले.

आणि उद्धवला काय ठाऊक? नागाला एक पाय देऊन तो परत आला. ही गोष्ट तो पंचक्रोशीत सांगत आला, रंगवून रंगवून. नाग दर दिवाळीला हातभर वाढायचा. आणि दर भाऊबीजेला, मी ओवाळताना, सगळ्यांदेखत म्हणायचा, "हिनं गाठ सोडली नाही म्हून मी वाचलो. नाहीतर कुठचा उद्धव!" माझ्या हातातलं ताट थरथरायचं. लोकांना वाटायचं, बहिणीला भरून आलं.

मी आरोहीकडे पुढच्या दोन वेळा गेलेच नाही. कलाबाईला सांगितलं, डोकं दुखतंय. तिनं माझ्या नकळत उद्धवला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अमडापूरहून, चिखलीला एसटी बदलून, दारात हजर. कुबडी, पांढरा पायजमा दुमडून पिन लावलेला, खांद्यावर मेथीची पिशवी.

"काय वं ताई, पट्ट्याले भेते म्हनते कलाबाई? सारी जिंदगी पोरायले छड्या मारल्या, अन् आता एका पट्ट्याले भेऊन राह्यली?"

"मी छडी कधी मारली नाही."

"मग त्याचंच पाप हाये." तो मोठ्यानं हसला. "चाल, मी बसतो जोळ. मले पाय बांधायचा अनुभव हाये."

मी काय म्हणणार होते? त्याला सोबत नको म्हणायला माझ्याकडे एकच कारण होतं आणि ते सांगता येत नव्हतं. दवाखान्यात जाताना रिक्षात तो बोलत होता आणि मी माझ्या मांडीवर हात दाबून बसले होते. त्या दिवशी मला पट्ट्याची भीती वाटत होती, तितकीच त्याचीही.

आरोहीला त्यानं पाच मिनिटांत नाग सांगून टाकला. "पाच हात लांब. फना एवढा. अन् ही बारा वर्षाची पोट्टी सात घंटे गाठ धरून बसली." आरोहीनं माझ्याकडे पाहिलं. ती हुशार होती. सात तास ऐकून तिचा पट्ट्यावरचा हात थांबला.

"आबा, तुम्हाला काम देते," ती म्हणाली. तिनं त्याला माझ्या पायाशी बुटक्या स्टुलावर बसवलं, त्याचं बोट धरून माझ्या पावलाच्या वरच्या बाजूला टेकवलं. "इथे नाडी लागते का?"

"हाव. उडून राह्यली."

"हवा भरली की ती बारीक होईल, पण थांबणार नाही. थांबली तर मला सांगायचं, मी लगेच सोडते. आजी, ऐकलं ना? तुमचा भाऊ पहाऱ्यावर बसलाय. आणि हे हवेचं बटन तुमच्या हातात देते. दाबलं की पट्टा मोकळा."

मी सतरंजी अंथरलेल्या पलंगावर पाय लांब करून बटन मुठीत धरलं. घोट्याला छोटी वाळूची पिशवी बांधली. पट्टा फुगला. मांडी कुणीतरी मुठीत आवळल्यासारखं झालं. कानात पारावरच्या पिंपळाची सळसळ ऐकू येऊ लागली.

"हाये," उद्धव म्हणाला. "लहान झाली, पण हाये."

पहिल्या खेपेला तीस वेळा पाय उचलायचा होता. मी मोजत गेले. पंधरानंतर मांडी पेटली. वीसला पाऊल लालसर जांभळं दिसू लागलं, आणि तो रंग मी ओळखत होते. बटनावर माझा अंगठा होता. दाबला की सगळं सुटणार होतं. आणि दाबला की पुण्याची खोली होती. "हाये, हाये," उद्धव म्हणत होता. तीस झाले.

"तीस सेकंद आराम," आरोही म्हणाली. पट्टा तसाच होता.

"उद्धव, मला नाही सोसवत," मी म्हणाले. "सोडते मी."

"थांब ना वं! सात-आठ मिनिटं त हायेत. मी सात घंटे थांबलो का नाही? तू सोडलं नाही म्हून त वाचलो मी. आज मी तुले सोडू देत नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं.

"तो नाग नव्हता, उद्धव."

"काय?"

"धामण होती. काकांनी तिसऱ्या दिवशी काठीवर आणली. मी पाहिली. तुझा पाय विषानं नाही गेला. दाव्यानं गेला. आणि मी एकदा ते ढिलं केलं होतं, मग मीच परत आवळलं."

त्यानं माझ्या पावलावरचं बोट काढलं.

"आजी, दुसरी खेप. पंधरा वेळा," आरोही हळूच म्हणाली. तिनं ऐकलं होतं. ती पुढे आली, पण त्याच्या जागी बोट ठेवायला वाकली नाही.

मी पाय उचलला. एक. दोन. माझ्या पावलावर आता कुणाचंच बोट नव्हतं. रक्त आत येतंय की नाही, कोण सांगणार? इतकी भीती मला पारावरही वाटली नव्हती. तेव्हा पाय दुसऱ्याचा होता. बटन दाबायला अंगठा वळला. पण दाबलं असतं तर ज्याला मी सात तास सोडलं नव्हतं, त्या उद्धवसमोर माझा पाय मी मिनिटात सोडवून घेतला असता. मी दाबलं नाही. पंधरा झाले.

"बाबाले ठाव होतं?" उद्धवनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"हो."

"मायले?"

"हो."

"म्हंजे मलेच नाही." तो जमिनीकडे बघत होता. "साऱ्या अमडापूरले सांगत फिरलो मी. नातवायले सांगतलं. तू पाहत होती. दर दिवाळीले ओवाळत होती अन् पाहत होती."

"हो."

"बोलली काऊन नाही?"

"भीती वाटत होती."

"माही की सापाची?"

तीस सेकंद संपले. तिसरी खेप मी कशी काढली ते आठवत नाही. चौथीला मांडी इतकी जड झाली की टाच सतरंजीवरून उठेना. आठ. नऊ. दहाला मी थांबले. पाऊल गाजरासारखं लाल दिसत होतं आणि मला ते परकं वाटू लागलं होतं.

"आरोहीबाई," उद्धव म्हणाला, "दोरीनं बांधलेला पाय किती येळ टिकते?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. "आबा, हा पट्टा निम्माच दाबतो. दोरीनं रक्त पुरतं बंद झालं, तर दोन तासांनंतर धोका सुरू होतो."

"दोन घंटे." त्यानं मान हलवली. "अन् भगत बारशाले गेलता."

मग तो माझ्याकडे न बघता पुढे वाकला आणि बोट पुन्हा माझ्या पावलावर ठेवलं. दाबून ठेवलं, जरा जास्तच.

"हाये," तो म्हणाला. "पाच राह्यले. उचल."

मी उचलला. पाचही. आरोहीनं हवा सोडली. मांडीतून पायात गरम काहीतरी धावत गेलं, बोटांपर्यंत. "आली. जोरात आली," एवढं बोलून उद्धवनं हात काढला, कुबडी घेतली आणि बाहेर गेला. कलाबाईनं स्वयंपाक केला होता. तो जेवायला आला नाही. थेट स्टँडवर गेला असं नंतर कळलं. मेथी तेवढी ओट्यावर पडून होती.

दोन दिवस मी फोन केला नाही, त्यानंही केला नाही. मला वाटायचं, आता तो नातवंडांना काय सांगत असेल? का काहीच सांगत नसेल, मळ्यात एकटाच बसला असेल? आठवणी चांगल्या असतात म्हणतात. मला त्या दोन दिवसांत आमच्या लहानपणातलं एकही चांगलं आठवलं नाही. वांग्यांचा वाफा तेवढा आठवत होता, तोही सकाळच्या उन्हातला.

तिसऱ्या दिवशी कलाबाईचा हात धरून दवाखान्यात गेले, तर तो आधीच बाकावर बसलेला. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यानं वर पाहिलं नाही. "पट्टा बांधा बाई हिले," तो आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाला. "अन् तू आज बोलू नोको. फक्त मोज."

आठवड्यातून तीनदा तो अमडापूरहून येत राहिला. पायाशी बसायचा, बोट ठेवायचा, "हाये" म्हणायचा. दुसरं काही बोलत नसे. पूर्वी तो आला की घर हसायचं. आता कलाबाईही त्याच्यासमोर जपून बोलू लागली. आरोही दर आठवड्याला मांडी मोजायची आणि अर्ध्या बोटाएवढी वाढली की टाळी वाजवायची. भीती मात्र कमी झाली नाही. यंत्राचा आवाज सुरू झाला की मला दर वेळी वाटायचं, आज तो बोट काढून घेईल. आणि दर वेळी तो ते तिथेच ठेवायचा, आणि मला त्याचा अर्थ लागायचा नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी आरोहीनं खुर्ची मध्ये ठेवली. "आजी, आज हात छातीवर. कुणी धरणार नाही. उठायचं."

कलाबाई पुढे सरसावली. आरोहीनं तिला थांबवलं. मी हात छातीवर बांधले. उद्धव बुटक्या स्टुलावरच बसला होता, पाठ भिंतीला टेकून.

पहिल्यांदा जमलं नाही. अर्धी उठून मी धपकन खाली बसले. दुसऱ्यांदा पुढे झुकले, दात आवळले, आणि उजव्या मांडीनं मला वर ढकललं. मी उभी होते.

"झालं बाई!" कलाबाई ओरडली. "करा पुन्याले फोन!"

मी उद्धवकडे पाहिलं. तोही उठायला बघत होता. बुटक्या स्टुलावरून एका पायानं उठणं त्याला अवघड जातं. मी हात पुढे केला. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं.

"हात नोको," तो म्हणाला. "माही कुबडी दे तिकडून."

कुबडी समोरच्या भिंतीला टेकवलेली होती. पाच-सहा पावलं असतील. कलाबाई ती आणायला वळली.

"तिले आणू द्या," उद्धव म्हणाला.

मध्ये धरायला काही नव्हतं. मी उजवं पाऊल टाकलं, मग डावं. फरशी गार होती. कुबडीपर्यंत पोचले. ती घेऊन वळले आणि परत तेवढीच पावलं चालत आले.

मी ती त्याच्या हातात दिली. त्यानं घेतली.